पिल्लू घरात रुळते तेव्हा

मुलांनो, मांजर आपल्या पिल्लांना सात घरे फिरवते, असे आपल्याकडे म्हणतात. घरे मोजायला कोणी गेलेले नाही, पण म्हणण्यात तथ्य आहे. विण्यासाठी मांजरी अडगळीची जागा शोधते. रहिमतपुरात अशा जागांना तोटा नाही. जुन्या घराचा माळा, वैरणीची गंजी, गोठ्यातील गव्हाण, परसातला सरपणाचा ढीग, यांपैकी काहीही तिला चालते. मात्र तेथे वर्दळ वाढली किंवा एखादे कुत्रे हुंगून गेले, की ती एकेक पिल्लू मानेला धरून उचलते आणि दुसरीकडे नेऊन ठेवते. म्हणजे जागा बदलणे हे पिल्लाला अगदीच नवे नसते. पण त्या प्रत्येक वेळी आई बरोबर असते, भावंडे अंगाला अंग लावून शेजारी असतात. तुम्ही त्याला आपल्या घरी आणता, तेव्हा ते पहिल्यांदाच एकटे असते.

पुढे वाचण्यापूर्वी भाषेची एक गंमत पाहा. उर्दूत बिल्ली स्त्रीलिंगी आहे, बिल्ला पुल्लिंगी आहे. तिसरे लिंगच नाही. मराठीत मात्र ते मांजर, ती मांजरी आणि तो बोका. पिल्लू नर असो की मादी, ते पिल्लूच. त्यामुळे 'पिल्लू आला' असे लिहू नका. 'पिल्लू आले' असे लिहा. म्हणी मात्र दोन्ही भाषांत सारख्या आहेत. बिल्लीच्या गळ्यात घंटी कोण बांधणार, हा उर्दूतला प्रश्न मराठीतल्या उंदरांनाही पडलेला आहे. आणि हजरत अबू हुरैरा यांचे नाव तर तुम्हां सर्वांना ठाऊक आहे. अरबीत हुरैरा म्हणजे मांजराचे लहानसे पिल्लू. पिल्लाच्या लळ्यामुळे त्यांना हे नाव मिळाले आणि त्यांचे मूळ नाव मागे पडले.

आता आपल्या पिल्लाकडे येऊ. ते किती दिवसांचे असताना आणावे, हा पहिला प्रश्न आहे आणि बहुतेक जण येथेच चुकतात. जन्मताना पिल्लाचे डोळे मिटलेले असतात. साधारण आठदहा दिवसांनी ते उघडू लागतात. तीन-चार आठवड्यांत दुधाचे दात दिसतात, पिल्लू धडपडत चालू लागते, आणि तेव्हाच ते फार गोंडस दिसते. म्हणून मुले त्याच वेळी त्याला उचलून घरी आणतात. पण ते अजून आईच्या दुधावर असते. शिवाय खेळताना किती जोराने चावावे, नख केव्हा आत घ्यावे, हे ते याच काळात भावंडांकडून शिकत असते. आठ आठवडे पूर्ण होण्याआधी पिल्लू आईपासून तोडू नये. वय कोणालाच माहीत नसेल, तर डोळे पाहा. सगळ्या पिल्लांचे डोळे सुरुवातीला निळसर असतात. सहा-सात आठवड्यांनंतर त्यांत पिवळा, हिरवा किंवा तपकिरी रंग उतरू लागतो. डोळे अजून पुरते निळे असतील, तर आणखी थांबा.

माझ्या लहानपणची एक गोष्ट सांगतो. मी सातवीत होतो. शेजारच्या गोठ्यात मांजरी व्यायली होती. मी एके दिवशी कोणाला न विचारता त्यातले करड्या रंगाचे एक पिल्लू उचलून आणले. त्याचे डोळे निळे होते आणि मला त्याचाच अभिमान वाटत होता. त्याला बशीभर म्हशीचे दूध पाजले. त्याने ते चाटूनपुसून घेतले. मला वाटले, झाले, पिल्लू रमले. दुसऱ्या दिवशी त्याला जुलाब सुरू झाले. मी त्याला आणखी दूध दिले, कारण ते अशक्त दिसत होते. तिसऱ्या दिवशी सकाळी ते उठलेच नाही. ती मांजरी त्यानंतर दोन दिवस आमच्या दाराशी येऊन ओरडत होती. तिचा आवाज ऐकून मी घराच्या मागच्या बाजूने शाळेत जात असे.

यात काय चुकले, ते मला पुष्कळ वर्षांनी कळले. दुधात एक साखर असते, तिला लॅक्टोज म्हणतात. ती पचवण्यासाठी पोटात एक पाचक द्रव्य लागते. पिल्लू आईच्या अंगावर पिते तोवर ते भरपूर तयार होते आणि पिणे सुटले की कमी होत जाते. गाईम्हशीच्या दुधात ही साखर मांजरीच्या दुधापेक्षा जास्त असते. न पचलेली साखर आतड्यात पाणी ओढून घेते आणि जुलाब होतात. पाव किलोच्या जिवातले पाणी असे किती वेळ पुरणार? पिल्लाच्या पाठीची कातडी चिमटीत हलकेच धरून सोडून पाहा. ती लगेच पूर्ववत झाली नाही, तर अंगातले पाणी आटले आहे असे समजावे आणि त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा. चित्रांत आणि गोष्टींत मांजरापुढे नेहमी दुधाची बशी दिसते. चित्रकारांना कोणी सांगितले नसावे! पिल्लापुढे ठेवायचे ते स्वच्छ पाणी.

पिल्लू आणायला जाताना रिकाम्या हाताने जाऊ नका. पोत्यात घालून आणणे ही वाईट पद्धत आहे. नको असलेले बोके लोक पोत्यात घालून लांब सोडून येतात, तसे पाहुण्याला आणू नये. झाकणाची दुरडी किंवा भोके पाडलेले पुठ्ठ्याचे खोके घ्या. त्यात एक जुने फडके घाला. जमले तर ते फडके आदल्या दिवशीच त्या घरी देऊन आई आणि पिल्ले निजतात तेथे अंथरायला सांगा. आपण माणसाला चेहऱ्यावरून ओळखतो. मांजर त्याआधी वासावरून ओळखते. त्याच्या गालांत, हनुवटीत आणि पंजांत वासाच्या ग्रंथी असतात. मांजर खुर्चीच्या पायाला गाल घासते, तेव्हा ते त्या पायावर आपला वास ठेवत असते. हा आपला, असे जणू लिहून ठेवते. तुमच्या घरात पाऊल टाकताना पिल्लाला असे लिहिलेले काहीच सापडत नाही. तेवढे एक फडके मात्र ओळखीचे असते.

मांजर जागेला इतके का चिकटते, याचे उत्तर फार जुन्या काळात आहे. आपल्या घरातील मांजराचे पूर्वज हे आफ्रिका आणि पश्चिम आशियातील रानमांजर होय. माणूस धान्य साठवू लागला, धान्याला उंदीर लागले आणि उंदरांच्या मागे हे मांजर वस्तीत आले. त्याला कोणी पकडून आणले नाही. सायप्रस बेटावर सुमारे 9,500 वर्षांपूर्वीची एक कबर सापडली आहे. तीत माणसाच्या सांगाड्याजवळच आठ महिन्यांच्या एका मांजराचा सांगाडा आहे. या शोधाची माहिती 2004 साली प्रसिद्ध झाली. कुत्र्याचे पूर्वज कळपाने राहणारे, म्हणून कुत्रा माणसाला आपला कळप मानतो. मांजराचे पूर्वज एकेकटे शिकार करणारे. आपला तेवढा मुलूख ओळखीचा असला की त्यांना निर्धास्त वाटते. म्हणून नव्या घरात कुत्र्याचे पिल्लू आधी माणसे शोधते आणि मांजराचे पिल्लू आधी लपायची जागा शोधते. ते पलंगाखाली दडले, तर त्याला तुम्ही आवडला नाहीत असे समजू नका. ते आपला मुलूख तपासत आहे.

म्हणून पहिल्या दिवशी त्याला सगळे घर दाखवू नका. एक लहान खोली किंवा स्वयंपाकघर सोडून एखादा शांत कोपरा पुरे आहे. तेथे पुठ्ठ्याचे खोके आडवे ठेवा. त्यात जुन्या वाकळेचा तुकडा आणि ते ओळखीचे फडके घाला. एका बाजूला पाण्याची आणि खाण्याची बशी ठेवा. शी-शूची जागा दुसऱ्या टोकाला, जेवणापासून दूर. मग खोक्याजवळ दुरडी उघडून ठेवा आणि बाहेर या. हे 'बाहेर या' सर्वांत अवघड असते. गल्लीतली सगळी मुले पिल्लू पाहायला जमलेली असतात. प्रत्येकाला ते एकदा हातात घ्यायचे असते. दादी म्हणतात, "अरे, त्याला जरा दम घेऊ द्या!" त्यांचेच ऐका. मुले उद्याही येतील.

इंग्रज लोकांत एक जुनी समजूत होती. मांजराच्या पंजांना लोणी फासले, की ते नवे घर सोडून जात नाही. लोणी चाटता चाटता ते शांत होत असेल, एवढेच. वासाचे मर्म ध्यानात घेतले, तर लोणी वाया घालवायला नको. एक मऊ फडके पिल्लाच्या गालांवरून हळूच फिरवा आणि तेच फडके पिल्लाच्या उंचीवर दाराच्या चौकटीला, टेबलाच्या पायाला घासा. त्याच्या वतीने तुम्हीच घरभर त्याचे नाव लिहून ठेवले, असे झाले.

पहिल्या दोन-तीन रात्री पिल्लू रडते. ते हट्ट करत नाही. आईला हाक मारते. रानात अशा हाकेला आई धावून येते. त्याच्यावर ओरडू नका, त्याला बाहेरही ठेवू नका. आपल्याकडे पौष-माघात रात्री चांगलीच थंडी पडते आणि इतक्या लहान जिवाला स्वतःची ऊब टिकवता येत नाही. निरोगी मांजराच्या अंगाचे तापमान 38 ते 39 अंश सेल्सिअस असते, म्हणजे आपल्यापेक्षा थोडे जास्तच. बाटलीत कोमट पाणी भरून, तिला जाड फडके गुंडाळून खोक्यात ठेवा. पाणी कढत नको. भावंडाच्या पोटाशी निजावे तसे पिल्लू त्या बाटलीला चिकटून निजते.

खाण्याविषयी थोडे सविस्तर सांगायला हवे. मांजर हा पक्का मांसाहारी प्राणी आहे. भाजीभाकरीवर माणूस जगतो, कुत्राही बराचसा जगतो. मांजर जगत नाही. टॉरिन नावाचे एक द्रव्य त्याला मांसातूनच मिळवावे लागते. ते पुरेसे मिळाले नाही, तर हळूहळू डोळ्यांची दृष्टी जाते आणि हृदयही दुबळे होते. हृदयाच्या या आजाराचे कारण टॉरिनची उणीव हे आहे, असे 1987 साली अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. तुम्ही म्हणाल, आमच्या शेजारचे मांजर तर दूधपोळीवर वाढले! ते दूधपोळी तुमच्यासमोर खाते आणि उंदीर तुमच्यामागे खाते. पिल्लाला अजून उंदीर धरता येत नाही.

तेव्हा उकडलेले अंडे कुस्करून द्या. कोंबडीचे मांस मीठमसाल्याशिवाय उकडून, हाडे काढून, बारीक करून थोड्या भातात कालवा. उकडलेले पाणी टाकून देऊ नका, तेही भातात घाला. टॉरिन पाण्यात उतरते. कलेजी आवडीने खाल्ली, तरी आठवड्यातून एक-दोन वेळा थोडीशीच द्यावी. सुके बोंबील खारट असतात. ते द्यायचेच तर भिजवून, दोनतीनदा धुऊन द्या. बाजारात पिल्लांसाठी तयार खाद्यही मिळते. ते परवडले तर उत्तमच. पिल्लाचे पोट लहान असते, म्हणून दिवसातून चार वेळा थोडे थोडे द्यावे. आईकडे असताना ते जे खात होते, तेच पहिले काही दिवस द्या आणि मग हळूहळू बदल करा.

आपल्या घरी मात्र एक मोठी अडचण असते. उरलेले सालन, बिर्याणीतला रस्सा मांजराला घालण्याची सवय सगळ्यांना असते. त्यात कांदा आणि लसूण असतो. या दोन्हींमुळे मांजराच्या रक्तातील तांबड्या पेशी फुटतात, मग ते कच्चे असोत, शिजवलेले असोत किंवा वाळवलेले असोत. एका दिवसात काही दिसत नाही. काही दिवसांनी पिल्लू फिके पडते, हिरड्या पांढुरक्या होतात, आणि कोणाला कारण सापडत नाही. शिजलेली हाडेही घालू नका. त्यांचे टोकदार तुकडे होतात आणि घशात किंवा आतड्यात रुततात.

शी-शूची गोष्ट मांजर जवळजवळ स्वतःच शिकते. रेताड मुलखातले पूर्वज आपली विष्ठा मातीत पुरत असत. तीच सवय आजही टिकून आहे. चार बोटे उंचीच्या कडेचा एखादा जुना ट्रे घ्या. घमेले नको, लहान पिल्लाला त्यात चढता येत नाही. त्यात कोरडी वाळू किंवा बारीक माती दोनतीन बोटे भरा. जेवण झाल्यावर आणि झोपेतून उठल्यावर पिल्लाला तेथे नेऊन ठेवा. दोन दिवसांत ते आपणहून जाऊ लागेल. भलत्या जागी घाण केली, तर त्याचे नाक त्यात घासू नका. त्यातून ते एवढेच शिकते, की या माणसापासून दूर राहावे. ट्रे रोज साफ करावा. काही मांजरांच्या विष्ठेत एक सूक्ष्म जंतू असतो आणि एखाद-दोन दिवसांनी तो रोग पसरवण्याजोगा होतो. त्याआधीच घाण काढून टाकली, तर धोका राहत नाही. घरात गरोदर स्त्री असेल, तर तिने हे काम मुळीच करू नये. तुम्ही करा आणि साबणाने हात धुवा.

ट्रे किंवा फरशी फिनेलने मात्र धुऊ नका. मांजराच्या शरीराची एक उणीव आहे. आपले यकृत जी विषारी द्रव्ये सहज निकामी करते, त्यांतील काही मांजराच्या यकृताला निकामी करता येत नाहीत. फिनेलवर चाललेले मांजर मग पंजे चाटते आणि ते विष पोटात जाते. डांबरगोळ्यांचेही तसेच. पिल्लू मलूल दिसले म्हणून दयेपोटी त्याला तापावरची पॅरासिटामॉलची गोळी कोणी देईल, तर ती एक गोळी त्याचा जीव घेऊ शकते. गोचिडांवरचे औषध म्हशीला लावतात, तेच पिसवांसाठी पिल्लाला चोळणारेही लोक आहेत. तसे करू नये. त्यातली काही औषधे म्हशीला सोसतात, मांजराला सोसत नाहीत.

घरात आणखी काय सांभाळावे? शिलाई मशीन असेल, तर दोरा आणि सुई झाकून ठेवा. पिल्लाला दोऱ्याशी खेळायला आवडते, पण त्याच्या जिभेवर मागे वळलेले काटे असतात. तोंडात गेलेला दोरा त्याला थुंकता येत नाही, तो आतच जातो आणि आतड्यांना कापतो. पतंगाच्या दिवसांत मांजाचा गुंता कोपऱ्यात पडून असतो. मांजा आणि मांजर यांची नावे जवळची असली, तरी त्यांची गाठ पडू देऊ नका. हौदावर आणि पाण्याच्या पिंपावर झाकण असावे. उंदरांसाठी ठेवलेल्या विषाच्या गोळ्या पिल्लू येण्याआधीच काढून टाका. थंडीत मोटारसायकल किंवा ट्रॅक्टर सुरू करण्यापूर्वी खाली वाकून पाहा; गरम यंत्राच्या उबेला पिल्ले येऊन बसतात.

येथे आपल्या भागातील एक महत्त्वाची गोष्ट सांगतो. रहिमतपूरच्या आसपास आल्याची आणि उसाची शेती आहे. दिवाळीच्या सुमारास ऊसतोड सुरू झाली, की पश्चिम महाराष्ट्रात ठिकठिकाणी उसाच्या फडात पिल्ले सापडतात. कोणी म्हणते, 'मांजराची आहेत, घेऊन जा.' थांबा. ती घरच्या मांजराची असतीलच असे नाही. वर्षभर उभा असलेला ऊस रानातील प्राण्यांना जंगलासारखाच वाटतो. त्यात रानमांजर विते. वाघाटी विते. वाघाटी हे जगातील सर्वांत लहान रानटी मांजरांपैकी एक आहे. पूर्ण वाढलेल्या वाघाटीचे वजन दीड किलोच्या आसपास, म्हणजे तुमच्या घरातील बोक्यापेक्षाही कमी असते. ती फक्त भारत, श्रीलंका आणि नेपाळ या देशांत आढळते. अंगावर तांबूस ठिपके आणि कपाळावर पांढऱ्या रेघा असतात. बिबट्याचे बछडेही फडात सापडतात. इतक्या लहान वयात ही सगळी पिल्ले एकमेकांसारखी दिसतात आणि भल्याभल्यांची फसगत होते.

अशा पिल्लाला घरी रुळवता येत नाही आणि तसा प्रयत्नही करू नये. त्याची आई मेलेली नसते. ती दिवसा माणसांच्या आवाजाने दूर जाते आणि अंधार पडल्यावर परत येते. पुणे जिल्ह्यात जुन्नरकडे आणि आपल्या जिल्ह्यात कराडकडे वन विभागाने आणि प्राणिमित्रांनी अशी पुष्कळ पिल्ले आईला परत मिळवून दिली आहेत. रीत साधी आहे. सापडली त्याच जागी पिल्ले संध्याकाळी एका क्रेटमध्ये ठेवतात, माणसे लांब जातात, आणि क्रेटसमोर लावलेला कॅमेरा रात्रभर पाहत राहतो. बहुतेक वेळा आई येते, वास घेते आणि एकेक पिल्लू उचलून नेते. म्हणून फडात पिल्लू दिसले तर हात लावू नका, तोडणी त्या जागेपुरती थांबवायला सांगा आणि वन विभागाला 1926 या क्रमांकावर कळवा. ही जनावरे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात आणि ती घरी पाळणे हा गुन्हा आहे. खरे तर गंजीत दिसलेल्या घरच्या मांजराच्या पिल्लांनाही हाच नियम लावावा. आई दिसत नाही म्हणून ती पोरकी आहेत असे नाही. ती खाणे शोधायला गेली असेल.

तुमचे पिल्लू रीतसर घरातूनच आले असेल, तर पहिल्या आठवड्यात त्याला पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवून आणा. जंतांचे औषध केव्हा आणि किती द्यायचे, ते डॉक्टर वजन करून सांगतात. आठ आठवड्यांनंतर मांजरांच्या साथीच्या रोगांवरची लस आणि तीन महिन्यांची झाल्यावर रेबीजची लस टोचतात. रेबीज फक्त कुत्र्याला होतो, हा गैरसमज आहे, मांजरालाही होतो. खेळताना पिल्लाने चावले किंवा रक्त येईल असे ओरबाडले, तर घरी लपवू नका. अम्मी रागावतील, पिल्लू परत पाठवतील, या भीतीने मुले लपवतात. जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटे धुवा. तिच्यावर हळद, चुना, मिरची असे काही लावू नका. मग लगेच सरकारी दवाखान्यात जा. लस तेथे मिळते. हा रोग एकदा दिसू लागला, की त्यावर जवळजवळ कधीच इलाज चालत नाही. इलाज आहे तो त्याआधी. मांजरी असेल तर आणखी एक गोष्ट डॉक्टरांना विचारून ठेवा. चारपाच महिन्यांची मांजरीसुद्धा गाभण राहू शकते आणि नऊ आठवड्यांत विते. तिची शस्त्रक्रिया वेळेवर करून घेतली, तर पुढच्या पिल्लांना घर शोधत फिरावे लागत नाही.

आता मैत्रीचे पाहू. पिल्लाच्या मागे लागू नका. त्याच्या खोलीत जमिनीवर बसा आणि आपला अभ्यास करा. मोठ्याने पाठ वाचलात तरी चालेल. त्याला तुमचा आवाज ओळखीचा होईल. ते हळूच बाहेर येईल, तुमच्या बोटांचा वास घेईल आणि परत जाईल. उद्या आणखी जवळ येईल. उचलायचे झाले, तर एक हात छातीखाली आणि दुसरा मागच्या पायांखाली घाला. आई मानेला धरते म्हणून आपण धरू नये. कुठे, किती दाबून धरायचे, हे तिला कळते. आपल्याला कळत नाही. हाताशी खेळवू नका, नाहीतर हात म्हणजे शिकार असे ते शिकेल. कागदाचा बोळा किंवा काठीला बांधलेले फडके बरे. कोणी रोखून पाहिलेले मांजराला आवडत नाही. त्याच्याकडे पाहून डोळे सावकाश मिटा आणि सावकाश उघडा. 2020 साली इंग्लंडातील ससेक्स विद्यापीठातील अभ्यासकांनी हे करून पाहिले, तेव्हा मांजरांनीही उलट डोळे मिचकावले आणि अशा माणसाकडे ती अधिक सहज आली. मांजर डोळे मिटून दूध पिते, एवढेच आपण म्हणत आलो. ते डोळे मिटून सलामही करते!

घरात आधीचे मांजर किंवा कुत्रा असेल, तर घाई नको. आधी दाराच्या दोन्ही बाजूंनी एकमेकांचा वास कळू द्या, मग फटीतून दर्शन, आणि समोरासमोर भेट आठवड्याने, तुम्ही हजर असताना. जुने मांजर फिसकारले तर त्याला मारू नका. घर आधी त्याचे होते.

दोन-तीन आठवड्यांनी पिल्लू घरभर शेपटी उभी करून फिरू लागते. शेपटी उभी असेल तर ते खुशीत आहे. तरीही त्याला लगेच अंगणात सोडू नका. पहिले लसीकरण पुरे होऊ द्या. मग एक दिवस त्याच्या जेवणाच्या थोडे आधी दार उघडा. पोटात भूक असली, की मांजर लांब जात नाही. तुम्ही उंबऱ्यावर बसा. ते एक पंजा बाहेर ठेवील, मागे घेईल, पुन्हा ठेवील. अंगणातल्या कोंबड्या पाहून अंग फुगवील. मग बशी वाजवा आणि रोज ज्या नावाने हाक मारता, त्याच नावाने हाक मारा. पहिल्या दिवशी पाच मिनिटे पुरेत, दुसऱ्या दिवशी दहा. असे करता करता एका दुपारी तुम्ही शाळेतून याल, तेव्हा ते नेमके दाराच्या मधोमध, सगळ्यांच्या वाटेत, पोट वर करून झोपलेले असेल. दप्तर हळूच खाली ठेवा आणि त्याला ओलांडून आत जा.